शाई असेल

राखेच्या बुधवारी आम्हा कॅथोलिकांचा ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू होतो. त्या दिवशी चर्चमध्ये सकाळची मिस्सा आटोपून मी तसाच कामावर गेलो. लिफ्टमध्ये आम्ही दोघंच होतो, मी आणि शेजारच्या टेबलावर बसणारा सहकारी. त्याने माझ्याकडे पाहिलं, जरा घुटमळला आणि दातात काही अडकलं असेल तर जवळचा माणूस जसं हळूच सांगतो तसं म्हणाला, "अरे, कपाळाला काळं लागलंय तुझ्या." मी म्हणालो, "हो का? प्रिंटरची शाई असेल." खिशातून रुमाल काढला आणि पुसलं. एकदा पुसून जाईना म्हणून रुमालाच्या टोकाला थुंकी लावून पुन्हा पुसलं. आमचा मजला येईपर्यंत कपाळ स्वच्छ. तो "गेलं" म्हणाला, मी "थँक्स" म्हणालो, दार उघडलं.

नुकत्याच कामावर पोचलेल्या माणसाच्या कपाळाला प्रिंटरची शाई लागेल कुठून, हे त्याने विचारलं नाही.

विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं मग दिवसभर वाटत राहिलं. कामं झाली, जेवण नावापुरतं झालं, बैठका झाल्या आणि मध्येच कधीतरी तो रुमाल खिशात हाताला लागायचा. त्यावर एक करडा ओरखडा उमटला होता. राख म्हटली की मऊ काहीतरी डोळ्यांपुढे येतं, पण कपाळावर घासली जाताना ती बारीक रेतीसारखी टोचते. फादरांचा अंगठा आधी वाटीत जातो, मग भुवयांच्या वर एक उभी रेघ, एक आडवी, आणि त्यातले चार कण हमखास नाकाच्या शेंड्यावर सांडतात. "तू माती आहेस आणि मातीत परत जाशील." रांगेतल्या प्रत्येकाला तेच वाक्य, त्याच आवाजात. त्या सकाळी माझ्या पुढे एक बाई मूल कडेवर घेऊन उभी होती. फादरांनी ते वाक्य आधी तिला सांगितलं आणि मग त्या मुलालाही सांगितलं. मूल खुदकन हसलं, अंगठ्याने गुदगुल्या झाल्या असाव्यात. इतकी वर्षं कानावरून गेलेलं ते वाक्य तेवढ्या क्षणी मला ऐकवेना. पाठोपाठ माझाच नंबर होता, त्यामुळे फार विचार करायला सवड मिळाली नाही.

आता स्वतःची वकिली करायची तर माझ्याकडे मुद्दा होता, आणि तोही ऐरागैरा नाही. राखेच्या बुधवारी दरवर्षी बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानातला सहावा अध्याय वाचतात. उपास करताना ढोंग्यांसारखं तोंड उतरवून फिरू नका, डोक्याला तेल लावा, तोंड धुवा, म्हणजे तुम्ही उपाशी आहात हे लोकांना कळणार नाही. दान करताना उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू देऊ नका. प्रार्थना दार लावून करा. हे सगळं आम्ही माना डोलावत ऐकतो, प्रवचन होतं आणि लगेच रांग लावून कपाळावर काळा क्रूस काढून घेतो, रस्त्यावरच्या कुणालाही दहा पावलांवरून दिसावा असा. ही गंमत कळायला मला बारा-तेरा वर्षं लागली. कळली तेव्हा धर्मशिक्षणाच्या वर्गात हात वर करून विचारलंही होतं. उत्तर मिळालं की राख मिरवायची नसते, आठवायची असते. मिरवणं आणि आठवणं यांतला फरक कपाळाला कसा कळणार, हे विचारायची काही हिंमत झाली नाही. तर मुद्दा असा की तोंड धू असं येशूनेच सांगितलंय, आणि मी धुतलं.

पण "शाई असेल म्हण" असं त्याने सांगितलेलं नाही.

तसा कपाळावरचा क्रूस ही सगळीकडची रीतही नाही. राख सगळ्या भाविकांना लावायची असं १०९१ साली इटलीतल्या बेनेव्हेन्तोच्या धर्मसभेत ठरलं, पण लावायची कशी यात आजही फरक आहे. रोममध्ये आणि युरोपातल्या बऱ्याच भागांत ती डोक्याच्या मध्यावर भुरभुरतात. केसांत जिरते, बाहेर पडल्यावर कोंडा आहे की कृपा, कुणाला पत्ता लागत नाही. २०२१ साली महासाथीत व्हॅटिकनने सर्वच पुरोहितांना तसं करायला सांगितलं होतं: ते वाक्य सर्वांसाठी मिळून एकदाच म्हणायचं, मास्क लावायचा आणि न बोलता एकेकाच्या डोक्यावर राख सोडायची. त्या वर्षी घरी येऊन मी आरशात पाहिलं. काहीच दिसलं नाही आणि चक्क चुकल्यासारखं वाटलं. म्हणजे दिसत नाही तेव्हा चुकल्यासारखं, दिसतं तेव्हा रुमाल. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चच्या मंडळींकडे हा प्रश्नच नाही, कारण त्यांच्याकडे राखच नाही. त्यांचा उपवासकाळ सोमवारी सुरू होतो आणि आदल्या दिवशी, रविवारी, उपासनेनंतर लोक एकमेकांसमोर उभे राहून क्षमा मागतात. पुरोहितसुद्धा मागतो. एकेक करून, वाकून, कधी जमिनीला कपाळ टेकवून. मला ही रीत फार आवडली. मी मनातल्या मनात तशी रांग उभी करून पाहिली आणि चौथ्या माणसापाशी अडलो. त्यापेक्षा राख परवडली.

चाळीस हा आकडा आमच्या घरी एकेकाळी भांडणाचा विषय होता. कॅलेंडरवर राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत मोजलं तर भरतात शेहेचाळीस दिवस. सहा रविवार वजा केले की चाळीस, कारण प्रत्येक रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस आणि त्या दिवशी उपास नाही. ही वजाबाकी मला आठव्या वर्षी समजली आणि मी ताबडतोब रविवारच्या चॉकलेटवर हक्क सांगितला. त्या वर्षी मी चॉकलेट सोडलं होतं. सोडलं म्हणजे काय, तर मिळतील तेवढी पत्र्याच्या डब्यात साठवत होतो आणि रोज रात्री झाकण उघडून मोजत होतो. आई म्हणाली, "खा की, रविवारच आहे." इतक्या सहजी परवानगी मिळाल्यावर खाण्यात काही राम उरला नाही. ईस्टरच्या सकाळी डबा रिकामा केला आणि दुपारी उलट्या झाल्या. येशू अरण्यात गेला तेव्हा सैतान त्याच्याकडे चालत आला होता. माझा पत्र्याच्या डब्यात बसून होता आणि मीच रोज रात्री त्याला भेटायला जात होतो.

मोठ्यांचे नियम आता तसे सौम्य आहेत. पोप सहावे पौल यांनी १९६६ साली ते बरेच सैल केले. सक्तीचे उपास उरले दोन, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे: अठरा ते एकोणसाठ वयाच्या माणसाने त्या दिवशी एकदा पोटभर जेवायचं, बाकी दोन वेळा थोडंथोडं, आणि ती दोन थोडकी जेवणं मिळून त्या एका जेवणाएवढी होऊ द्यायची नाहीत. चौदा वर्षांच्या पुढच्यांनी या काळातल्या शुक्रवारी मांस टाळायचं. बाकी सगळं ज्याच्या त्याच्या मनावर. सैल झालं की सोपं होतं असं लांबून वाटतं. नियम मोडायचा तर निदान नियम मोडल्याचं कळतं तरी. १५२२ च्या उपवासकाळात झुरिकमध्ये क्रिस्टोफ फ्रोशाउअर नावाच्या छापखानेवाल्याच्या घरी सॉसेज कापून वाटली गेली. उल्रिख झ्विंग्ली नावाचा पुरोहित तिथे हजर होता. त्याने स्वतः तोंडात घातलं नाही, पण नंतर खाणाऱ्यांच्या बाजूने जाहीर प्रवचन दिलं. स्वित्झर्लंडमधल्या धर्मसुधारणेची गोष्ट तिथून सुरू होते. कामाचा डोंगर आहे, माणसं रात्रंदिवस राबतायत, त्यांना अंगात ताकद नको का, असं फ्रोशाउअरचं म्हणणं. मला त्या लोकांचा हेवा वाटतो. खाल्लं आणि खाल्लं म्हणून सांगितलं. शिवाय छापखान्यात राबणारी माणसं ती, त्यांच्या कपाळाला शाई खरोखरच असेल.

यंदा मी सोडला तो अंथरुणातला मोबाइल. रात्री दिवा घालवला की फोन बाहेरच्या खोलीत. पहिल्या रात्री हात उशीखाली आपोआप गेला, आणि काही नाही म्हटल्यावर चादरीवरच अंगठा वरखाली फिरला. हे मी स्वतः पाहिलं, म्हणजे अंधारात जेवढं पाहता येतं तेवढं. अंगठ्याला माझी गरज नव्हती, तो त्याचं काम करत होता. दुसऱ्या आठवड्यात पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. त्यात दर काही फेऱ्यांनी एक बारीक कट्ट असं होतं, ते किती वर्षं होत असेल कोण जाणे. त्या शांततेत प्रार्थना सुचेल असा माझा अंदाज होता. सुचली ती माणसं: कुणाला फोन करायचा राहिलाय, कुणाशी तिरकं बोललो, कुणाचं पत्र उत्तर न देता ठेवलंय. ती क्षमेच्या रांगेतली चौथी व्यक्तीही दोनदा येऊन उभी राहिली. "आध्यात्मिक चिंतनाचा काळ" असं या दिवसांबद्दल आम्ही पत्रकांत छापतो, प्रवचनात म्हणतो. चिंतन म्हणजे काहीतरी उदबत्तीच्या धुरासारखं संथ वर जाणारं असावं असं वाटत आलं होतं. प्रत्यक्षात ते न भरलेल्या बिलांच्या चळतीसारखं निघालं.

तिसऱ्या रविवारी बाबांना फोनवर तो लिफ्टमधला किस्सा सांगितला. विनोद म्हणूनच सांगितला होता. ते हसले नाहीत. म्हणाले, "तुझ्या आईचंही तसलंच होतं."

आई काम करताना गुणगुणायची. शब्द नसायचे, ओठ मिटलेले, नुसता सूर. चादर झटकताना, कपडे वाळत घालताना, सुईत दोरा ओवताना तर श्वासही न घेता. तो आवाज घरात इतका मुरलेला होता की तो आहे हे आम्हा भावंडांच्या कधी लक्षातच आलं नाही. उपवासकाळात चर्चमध्ये 'आलेलुया' हा देवाच्या स्तुतीचा शब्द गात नाहीत, हे आम्हाला माहीत होतं. राखेच्या बुधवारपासून तो शब्दच बंद होतो आणि ईस्टरच्या आदल्या रात्री जागरणाच्या उपासनेत पुरोहित तो तीनदा उचलतो, दर वेळी आधीपेक्षा वरच्या सुरात. वेदीवर फुलं नाहीत, वाद्यं गाण्याला आधार देण्यापुरती, सगळीकडे जांभळा रंग. हे सगळं आम्ही पाठ केलेलं. आणि घरात तेच चाललंय हे कुणालाच दिसलं नाही. मी सोळा-सतरा वर्षांचा असताना एकदा सहज म्हणालो होतो, "आई, हल्ली तू गुणगुणत नाहीस." ती म्हणाली, "घसा धरलाय रे." त्या रात्री तिने माझ्यासमोर मिठाच्या पाण्याच्या गुळण्याही केल्या, चांगल्या खळखळून.

"लग्नाच्या पहिल्या वर्षीच मला म्हणाली होती," बाबा सांगत होते, "मुलं झाली तर त्यांना सांगायचं नाही म्हणून." मी विचारलं, मग आता का सांगताय? ते म्हणाले, "तू शाईचं सांगितलंस म्हणून आठवलं." मग थोडं थांबून, "आता काय, वर्षभर उपवासकाळच आहे घरात."

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ नुसता बसून होतो. एकाच घरातल्या दोन माणसांनी एकाच काळात मारलेल्या दोन थापा. दोन्ही तशा निरुपद्रवी, दोन्हींमध्ये कुणाचं काही बिघडलं नाही. घसा धरलाय. शाई असेल. आईने तिच्या थापेमागे लपवलं ते तिचं देणं. इतकं आवडतं काहीतरी काढून ठेवलंय हे कुणाला कळू नये म्हणून तिने मिठाच्या गुळण्यासुद्धा सोसल्या. मी काय लपवलं? त्या क्षणी माझ्याकडे देण्यासारखं काहीच नव्हतं. सहकारी काही हसणार नव्हता, माझी नोकरी जाणार नव्हती, फार तर "ते काय असतं?" एवढं विचारणार होता आणि मला मजला येईपर्यंत दोन वाक्यं बोलावी लागली असती. तेवढा कंटाळा आला. भीतीही नाही, कंटाळा. येशूचा शिष्य पेत्र, त्याने येशूला तीनदा नाकारलं ते तलवारी-मशालींच्या रात्री, धरपकड चाललेली असताना. मी वातानुकूलित लिफ्टमध्ये नाकारलं, तेही कुणी काही विचारलेलं नसताना.

पाचव्या आठवड्यात पापनिवेदनाला गेलो तेव्हा इतर नेहमीच्या गोष्टींच्या रांगेत हीही सांगितली. जाळीपलीकडून फादर म्हणाले, "पुसलंस त्याचं काही नाही, तसंही घामाने गेलंच असतं. शाई का म्हणालास?" मी म्हणालो, माहीत नाही. ते म्हणाले, "मग तेवढं बघ." प्रायश्चित्त म्हणून एकदा प्रभूची प्रार्थना सांगितली. मला वाटलं होतं जास्त काहीतरी मिळेल. कमी मिळाल्यावर सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण जड काही मिळालं असतं तर निदान फेडल्यासारखं तरी झालं असतं.

शुक्रवारी क्रूसाची वाट, म्हणजे येशूच्या क्रूसापर्यंतच्या प्रवासाची प्रार्थना. चौदा स्थानं, प्रत्येकापाशी गुडघे टेकायचे, उठायचं, पुढे सरकायचं. सातव्या-आठव्यापर्यंत गुडघे बोलायला लागतात आणि मन भलतीकडे जातं. माझं त्याआधीच, सहाव्या स्थानापाशी गेलं. तिथे वेरोनिका येशूचं तोंड पुसते आणि तिच्या कापडावर त्याचा चेहरा उमटतो. ही गोष्ट शुभवर्तमानांत नाही, परंपरेने आलेली आहे, तरी चौदांमध्ये लोकांना जास्त लक्षात राहते ती हीच. खिशात माझा रुमाल होता, तोच, दोनदा धुतलेला. जुळवाजुळव करायचा मोह झाला: तिने पुसलं, मीही पुसलं, तिच्या कापडावर ते, माझ्या रुमालावर हे. मग लाज वाटली. ती गर्दी कापून, शिपायांसमोर पुढे आली होती. रुमाल बाहेर काढून पाहिला, तर करड्या ओरखड्याचा मागमूस नव्हता. चांगला साबण आहे.

ईस्टरआधीचा पवित्र आठवडा लागण्यापूर्वी एकदा, पुन्हा लिफ्टमध्येच, मी त्या सहकाऱ्याला म्हणालो, "त्या दिवशी माझ्या कपाळाला लागलं होतं ना, ती शाई नव्हती." वाक्य मी मनात चांगलं घोटून ठेवलं होतं. राख काय, बुधवार काय, सगळं दोन मजल्यांत बसेल असं. तो फोनवरून मान वर करून म्हणाला, "कधी?" मी म्हणालो, "महिना झाला. तू म्हणालास, काळं लागलंय." त्याने प्रामाणिकपणे आठवून पाहिलं, भुवया वगैरे आकसून. "कसली शाई?" म्हणाला. तेवढ्यात दार उघडलं. जाता जाता वळून त्याने विचारलं, "मग काय होतं?" मी "राख" म्हणालो. तो "अच्छा" म्हणाला आणि फोन कानाला लावला. एवढंच. महिनाभर जे माझ्या घशात अडकून होतं, त्याला त्याच्या डोक्यात जागाच नव्हती. मला हसू आलं, आणि थोडा रागही, कुणाचा ते सांगता येणार नाही.

झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, आम्ही झावळ्या हातात धरून चर्चला फेरी घातली. ताज्या झावळीला कापलेल्या गवतासारखा वास असतो आणि कडा धारदार. पुढच्या मुलाची झावळी मागे वळताना माझ्या गालाला लागली. घरी आल्यावर ती नेहमीप्रमाणे भिंतीवरच्या क्रूसामागे खोचायला स्टुलावर चढलो, तर तिथे गेल्या वर्षीची तशीच होती. राखेच्या बुधवारच्या आदल्या रविवारी जुन्या झावळ्या चर्चमध्ये परत न्यायच्या असतात, दारापाशी टोपली ठेवतात, त्या जाळूनच राख करतात. मी नेलीच नव्हती. म्हणजे बुधवारी कपाळाला लागली ती इतरांच्या झावळ्यांची. जुनी काढून हातात घेतली. पिवळी पडलेली, हलकी, कागदासारखी. टोक मोडून चिमटीत चुरडलं तर राख नाही झाली, नुसते बारीक धागे निघाले, आणि त्यातला एक अंगठ्यात घुसला. स्टुलावर उभ्या उभ्याच मी तो दातांनी काढला आणि मग दोन्ही झावळ्या, जुनी आणि नवी, क्रूसामागे खोचून ठेवल्या. नव्या झावळीच्या मानाने जुनी फारच लहान दिसत होती.